सुनेच्या चित्राखालचा रंग

पुण्याजवळच्या धायरीतली बाकीची जमीन बिल्डरकडे गेली, पण रस्त्याकडेचा एक तुकडा महिपतींनी हट्टाने राखला आणि त्यावर पावडर कोटिंगची शेड टाकली. रंगाची पूड धातूवर फवारायची, भट्टीत भाजायची. मग तो रंग असा बसतो की खिळ्याने ओरखडा काढायचा म्हटला तरी नेट लावावा लागतो. जाळ्या, फाटकं, खुर्च्या, कधीमधी बुलेटच्या इंजिनाची झाकणं. चित्रबित्र त्या शेडमध्ये कधी शिरलं नव्हतं.

ते आणलं सुनेने. तनया नारायण पेठेतली, चित्रकला शिकलेली. विक्रमशी लग्न होऊन आली आणि महिन्याभरातच शेडमध्ये डोकावायला लागली. एकदा इंजिनाचं एक टाकाऊ झाकण तिने मागून घेतलं. महिपतींनी त्याला काळा रंग चढवून दिला. तिने तो पॉलिश पेपरने हलका घासला आणि एअरब्रशने त्यावर कालव्यावरचा खंड्या काढला, पाण्यात सूर मारायच्या बेतातला.

महिपती कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेस हाय. पण गाडी चालवताना बूट लागंल की त्याला."

"म्हणून तर पक्षी काढला, बाबा. देव नाही काढला."

ते हसले. त्यांच्या बायकोने, मालनबाईंनी घरातून विचारलं, काय झालं म्हणून. इतकं मोठ्यांदा हसले.

त्यानंतर दोघांची जोडीच जमली. रंग सासऱ्याचा, चित्र सुनेचं, वर पारदर्शक लॅकरचा हात. कोणी वाघ मागायचं, कोणी सह्याद्रीचे कडे. मुंबई-नाशिकहून झाकणं यायला लागली. "बाबा, आज खाली करडा द्या, धुकं काढायचंय," ती म्हणायची, आणि महिपती असा करडा द्यायचे की धुकं अर्धं तिथेच उतरायचं. पोटच्या पोराने शेडकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. महिपतींना वाटायचं, देवाने उशिरा का होईना, दिलं.

मग विक्रमला हैदराबादची नोकरी लागली. तनया म्हणाली, मी इथलं काम सोडून येणार नाही. तो म्हणाला, शेडमध्ये रंग फासायला लग्न केलंस का? एकाला दोन शब्द वाढत गेले. महिपती मधे पडले नाहीत. मालनबाई मात्र एकदा पाटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "लोक म्हणत्यात, सासऱ्यानं धंद्यासाठी सून अडवून ठेवलीय." ते वाक्य महिपतींच्या मनात कुसळासारखं रुतलं.

शेवटी नारायण पेठेत तिच्या माहेरी बैठक बसली. बोलणी कुठेच जाईनात तेव्हा तनयाच्या वडिलांनी महिपतींकडे पाहिलं. "आपण मोठे आहात. आपलं काय म्हणणं?"

तनयाही त्यांच्याकडे बघत होती. बाबा आपल्या बाजूने बोलतील याची तिला खात्री होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. महिपतींच्या तोंडाशी आलेलं बोलणं वेगळंच होतं. पण समोर पोरगा बसला होता, आणि ते कुसळ सलत होतं.

"बाईनं नवऱ्यामागं जावं," ते म्हणाले. "शेडचं काय एवढं? चार चित्रं कुणीबी काढंल."

तनयाने मान खाली घातली. ती भांडली नाही, रडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली, हातात होतं ते झाकण पूर्ण केलं, एअरब्रश धुऊन पिशवीत भरला. महिपतींना पुष्कळ सांगायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "च्या घेतीस का?"

"नको," ती म्हणाली.

हैदराबादला ती गेलीच नाही. वर्षभरात रीतसर घटस्फोट झाला. म्हणजे घर राहावं म्हणून जे बोलले, त्याने घर राहिलं नाही आणि पोरगीही गेली.

तिने शनिवार पेठेत स्वतःचं दुकान टाकल्याचं कळलं. महिपतींनी जाऊ-जाऊ करत पावसाळा घालवला. दिवाळीनंतर एकदाचे बसमध्ये बसले.

ती काम करत होती. त्यांना बघून उठली, स्टूल पुढे केलं. "या, काका."

बाबांचे काका झाले होते. ते बसले. टेबलावरच्या झाकणाकडे नजर गेली. खालचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला होता, आणि तिने तो ढगांत लपवला होता. त्यांना बघवेना.

"तनया, त्या दिवशी मी वंगाळ बोललो."

"हो."

"मनात तसं नव्हतं गं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणूनच जास्त लागलं. मनापासून बोलला असतात तर भांडले तरी असते."

 महिपतींनी चाचरत विचारलं, कोटिंगपुरतं तरी काम माझ्याकडे देशील का.

 ती हळूच म्हणाली, "आता दुसरीकडे देते. राहू दे, काका."

तिने चहा मागवला. दोघांनी तो प्यायला. मालनबाईंची गुडघेदुखी, मेट्रोची गर्दी, असं काहीबाही बोलणं झालं. ती दारापर्यंत पोचवायला आली.

पुढच्याच आठवड्यात एक जण बुलेटचं झाकण घेऊन शेडवर आला. "इथे चित्रं काढतात ना?"

"काढायचे," महिपती म्हणाले. "शनिवार पेठेत जावा. तनया म्हणून हाय, तिच्यावाणी हात गावात न्हाई."

"आणि खालचं कोटिंग? ते तुमच्याकडून करून नेऊ?"

महिपतींनी झाकण हातात घेतलं, अंगठा फिरवून पाहिलं आणि परत दिलं.

"तिलाच इचारा. ती सांगंल तिथं करा."