शेवंतीची जागा

"माय, हाई शेवंती उपटनी पडी," शांतीलाल म्हणाला, तशी रुक्मिणीबाईची खुरपी थांबली.

वाफ्यांनी नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. प्रकाशाच्या वाटेवरची, तापीकाठची ही फुलशेती नवरा वारल्यापासून ती एकटीच राखत होती. मुलगा शांतीलाल सुरतेच्या गिरणीत. वर्षातून दोन दिवस यायचा, तेवढाच. यंदा बारा वर्षांनी सिंहस्थ आला होता, म्हणून तो पर्वणीच्या आधीच येऊन थडकला.

"आठे," त्यानं वाफ्यांकडे हात केला, "मांडव टाकसूत. लोकेस्ले उतराले गावमा जागाच नई शे."

"तुन्हा बापनी लायेल शेवंती शे ती."

"फुलं परत लायता येतीन. पर्वनी बारा सालमा एकदाव."

तिनं खुरपीची माती पुसली. मग भलतंच विचारलं, "मांडव शे तवलोंग तू आठेच ऱ्हाशी ना? महिनाभर?"

"आठेच ऱ्हासू. आखो कोठे जासू?"

पहिलं रोप तिनं आपल्या हातानं उपटलं.

पर्वणीला मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. बैलगाड्या वाफ्यांत उभ्या राहिल्या, चुली पेटल्या. शांतीलाल कुणाला जळण, कुणाला पाणी पुरवत नुसता पळत होता. रुक्मिणीबाई रोज दोन ताटं वाढून बसायची.

"जेवना का रे?"

"जेवनू माय, त्यास्नासंगे."

त्याला खोकला होता. तिनं अडुळशाचा काढा केला; तो तसाच निवून गेला. सुनेचं विचारायचं होतं, नातवाला दात आले का ते विचारायचं होतं. राहूनच गेलं.

नवव्या दिवशी मांडव सुटला आणि यात्रेकरूंच्या शेवटच्या गाडीत तो चढला. "गिरनीमा खाडा चालत नई, माय. निंघस."

तिनं त्याच्या टोपीवरची धूळ झटकली. महिनाभराच्या बोलण्याची आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मागे राहिलेली एक म्हातारी यात्रेकरीण बांधाशी थांबली. "फुलं भेटतीन का, बहीन? देवले वाहाले."

"फुलं नई शेतस, आक्का." रुक्मिणीबाई घाईनं पुढं झाली. "पन बस ना जराशी. चूल पेटेल शे. भाकर खाई ले."

म्हातारीनं वाटेकडे पाहिलं. "मन्हा लोके पुढे निंघी गयात वं."

ती वळणाआड जाईपर्यंत रुक्मिणीबाई उभी होती. मग तिनं कुदळ उचलली. चाकांनी चेपलेल्या जमिनीत पहिला घाव रुतलाच नाही, कुदळ उसळून परत आली. तिनं पदर खोचला आणि थोडं सरकून दुसरा घाव घातला.