घाटातलं तिसरं वळण

तुळजापूरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर आबांनी पिकअप कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं.

“तापली,” ते म्हणाले. “धा मिनिटं.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीनं, पौर्णिमानं, पुस्तकातून मान वर केली नाही. “आबा, भंगारात घाला आता हिला. दर सोमवारी कॉलेजातला माझा पहिला तास बुडतो.”

“जुनी हाय, पर इमानी हाय,” बॉनेटच्या आडून आवाज आला. “धाराशिवला पोचवती का न्हाय तुला? मग!”

तो सोमवार. बुधवारी पहाटे टोमॅटोला पाणी द्यायला गेलेले आबा बांधावर टेकले, ते उठले नाहीत. छातीचं दुखणं जुनं असावं, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यानं आईनं हट्ट धरला, माल याच गाडीतून जाईल, चालवायला माणूस ठेवू, सोबत मी बसेन. आधी तपासून घेऊ, पौर्णिमा म्हणाली. घाटात तापणाऱ्या गाडीत ती आईला बसू देणार नव्हती. बिघाड मोठा निघाला तर गाडी विकायची, असं ठरलं.

तामलवाडीच्या महारुद्र मेकॅनिकनं रेडिएटर बघितला, फॅनबेल्ट दाबून पाहिला, होजपाईप चाचपले. पाणी काठोकाठ होतं. ऑइलची पट्टी काढून तिच्यावरचं तेल त्यानं बोटांत चोळलं. मग सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली. समोरचा तापमानाचा काटा सरकन वर गेला.

“काटा बी खरा बोलतोय. तापती कुठं म्हणता?”

“घाटात. तिसऱ्या वळणावर. दर वेळी.”

“दर वेळी तिथंच?” तो हसला. “इतका शिस्तीचा बिघाड म्या तर बघितला न्हाय, ताई. माल भरा. चढवूनच बघू.”

भर दुपारी तिघं निघाले. महारुद्र चालवत होता, पौर्णिमा मधे, आई खिडकीशी. तिसरं वळण आलं तरी काटा मध्यावरच. त्यानं मुद्दाम गाडी थांबवून बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही.

“ही तापतच न्हाय, ताई. निर्धास्त ऱ्हावा.”

पौर्णिमा उतरून पुढं आली. इंजिनासमोरच्या पत्र्यावर दोन जागी रंग घासून गेला होता. तिनं तिथं तळवे टेकले, तशी मान आपोआप खाली झुकली. उघड्या बॉनेटमुळं इथून केबिन दिसत नव्हती. केबिनमधूनही इथलं काही दिसलं नसतं.

“ताई?” महारुद्रनं हाक मारली.

“हो. चला.”

गाडी पुन्हा चढू लागली. माथा जवळ आला तशी आई म्हणाली, “थांबव रं जरा, महारुद्रा. ताडपत्री उडतीया.”

“म्या बघतो की, मावशी.”

“न्हाय, मीच बघते.”

पौर्णिमानं आरशात पाहिलं. ताडपत्री घट्ट होती. ती आईच्या मागोमाग उतरली. आई मागच्या फळीला धरून डोळे मिटून उभी होती.

पौर्णिमानं पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. “दम लागलाय ना?”

“लई न्हाय,” आई दोन घोट पिऊन म्हणाली. “चढाला जरा हुतंय. दोन-तीन म्हैने झालं.”

“आज धाराशिवला आधी डॉक्टरकडं जाऊ. माल नंतर.” पौर्णिमानं तिला कठड्यावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. “बस निवांत. मला घाई नाही.”