एका रात्रीचा रहिवास

करार मोहनानेच लिहिला होता. ताबा देईपर्यंत घर कुणी वापरायचं नाही. तोवर काही पडलं-झडलं तर भरपाई ठेकेदाराची, आणि ठेकेदाराच्या पाठीशी विमा. मात्र कुणी आधीच राहायला आलं, की विमा हात झटकणार आणि सगळा भार ठेकेदारावर, म्हणजे तिच्यावरच. धंदा सोपवताना सासऱ्यांनी, गजेंद्ररावांनी, हेच आधी शिकवलं होतं, "विटेपेक्षा कागद पक्का हवा, सूनबाई."

पण अहल्याकाकूंपुढे कागद कसला टिकतोय! त्यांचा संसार रेल्वेच्या क्वार्टरमध्ये झाला, पुढे भाड्याच्या खोल्यांत. मुलाने, अमोघने, समा-सावली रोडला मोहनाकडे बंगला बांधायला दिला, तेव्हा काकूंचं दुखणं हाडांत शिरलं होतं.

"खिडक्यांना काचा नंतर लाव गं. अक्षय्यतृतीयेला वास्तुशांत होऊ दे," काकू म्हणाल्या. "आणि त्या रात्री घर रिकामं ठेवत नाहीत हं!"

मोहना नाही म्हणणार, तोच काकूंनी तिच्या कडेवरचा नील मागून घेतला. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

वास्तुशांत झाली, दूध उतू गेलं. काकू तिथेच गादी टाकून झोपल्या. सकाळी मोहना चहाचा थर्मास घेऊन गेली.

"झोप लागली का, काकू?"

"आपल्या घरात लागते तशी!"

ज्येष्ठात काकू गेल्या. श्रावणात विश्वामित्री नदीला पूर आला आणि ताब्याआधीच अर्धं घर खचलं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या दिवशी अमोघने तिला फाटकातच अडवलं. "ताई, तुम्ही गप्प राहा. नुसती पूजा झाली म्हणून मी सांगतो. तुमचं घर बुडवून माझं उभं करायचं का?"

तिने मान डोलावली. करणार काय? सासऱ्यांची हयात त्या धंद्यात गेली होती.

स्वयंपाकघरात चिखल सुकला होता. भिंतीवर पुराची रेघ, आणि तिच्या बोटभर वर काकूंनी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक.

"पझेशन पहेलां कोई रहेवा आव्युं हतुं?" सर्व्हेअरने गुजरातीत विचारलं.

"ना," अमोघ म्हणाला.

सर्व्हेअरने लिहिलं, वाचून दाखवलं: या घरात कुणीही, कधीही राहिलेलं नाही. "सही, भाई."

अमोघने पेन घेतलं. कागदावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. स्वस्तिकाकडे बघू नये म्हणून तो जमिनीकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले.

मोहनाने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"रह्यां हतां," ती स्वस्तिकाकडे बघत म्हणाली. "एमनां बा. एक रात."

"विचारी लो, बेन. पछी बधुं तमारे माथे."

"ठाऊक आहे," तिच्या तोंडून मराठीच निघालं. सर्व्हेअरने ओळ खोडली.

घरी येऊन तिने गजेंद्ररावांना सगळं सांगितलं. त्यांनी नीलला थोपटून निजवलं. मग उठून खुंटीवरची मकरपुऱ्याच्या शेडची किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"काँक्रीटचा मिक्सर आधी विक. त्याला गिऱ्हाईक लवकर मिळेल."

"बाबा, मी..."

"राहू दे." ते पुन्हा नीलजवळ बसले. "झोप तरी लागली होती का गं त्यांना?"

"लागली होती, बाबा," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.