मला नळीपासून लांब ठेवा

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा वेग कुणी तुम्हाला विचारला, तर तुम्ही खरं सांगाल, की समोरच्याचा चेहरा खुलेल असं काहीतरी सांगाल? मी खरं सांगण्यासाठीच जन्माला आलो. तरीही माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं गेलं, आणि त्याची किळस अजून माझ्या अंगावरून उतरत नाही.

मी क्रोनोग्राफ. बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारं यंत्र. हातभर लांबीचा डबा आणि आकाशाकडे पाहणारे दोन डोळे, असा माझा देह. गोळी जाताना तिची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधला वेळ मी मोजतो. कडक उन्हात मला नीट दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर पांढऱ्या छत्र्या दिल्या आहेत. मागणं फारसं नाही. मला सरळ बसवा आणि नळीच्या तोंडापासून पाच-सहा पावलं पुढे ठेवा. जवळ ठेवलंत, तर गोळीबरोबर सुटलेला धूर आणि न जळलेली बंदुकीची दारू माझ्या डोळ्यांवर येऊन आदळते. मग मी धुरालाच गोळी समजतो आणि भलताच आकडा दाखवतो.

माझा मालक वेंडेल टॉरगर्सन, अमेरिकेत मोंटानातल्या एका छोट्या गावचा. गॅरेजात बसून तो स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. दारूचा एकेक कण चिमटीनं तराजूत टाकताना श्वाससुद्धा रोखून धरायचा. कुणी दार जोरात लावलं तर ओरडायचा, "अरे, तराजू हलतोय!" इतका काटेकोर माणूस मला मात्र कसाही मांडायचा. वाकडा, पेंगुळलेल्या बॅटरीवर, अर्ध्या सावलीत. एकदा तर एक छत्री घरीच विसरून आला आणि तिच्या जागी चिप्सच्या पुड्याचा पुठ्ठा लावला.

चांदमारीच्या मैदानावर बाकीचेही तसलेच. थुंकीत तंबाखू, हातात गार झालेली कॉफी, आणि तोंडी एकच विषय, कुणाची गोळी किती धावते. पोरांच्या पगाराच्या बढाया माराव्यात तशा ते वेगाच्या मारत. आकडा कमी आला, की माझी बॅटरी खराब. जास्त आला, की माझ्यासारखं यंत्र नाही. मला शिसारी यायची, पण माझ्याकडे तोंड फिरवायची सोय नाही.

वेंडेलची थोरली बहीण जोनेल शाळेची बस चालवायची. मिसुरी नदीच्या घळींमधला नर एल्क, म्हणजे घोड्याएवढं सांबर, मारायचा परवाना चिठ्ठीतून निघतो. एका परवान्यावर एकच एल्क, आणि मारला की परवाना त्याच्या शिंगाला बांधायचा. जोनेल कित्येक वर्षं अर्ज करत होती, आणि यंदा तिचं नाव निघालं. हिवाळ्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली. त्या घळी पुन्हा चढायला मिळतील याची खात्री नव्हती. तिनं भावाला एवढंच सांगितलं, "शिंगं लहान असली तरी चालतील. पण एका गोळीत पडला पाहिजे. तडफडताना मला बघायचं नाही."

"ताई, काडतुसं मी भरतोय," वेंडेल म्हणाला. "त्याला आवाजसुद्धा ऐकू येणार नाही."

मोजणीच्या दिवशी बोचरा वारा होता. मला तीन पायांच्या घोडीवर ठेवलं, की वारा आडवा करायचा. दोनदा पडल्यावर वेंडेल वैतागला. त्यानं मला टेबलाच्या कडेवरच ठेवलं, नळीच्या अगदी पुढ्यात.

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या लाइलनं ते पाहिलं. "वेंडेल, त्याला घास भरवतोयस का? जरा लांब ठेव की."

"वाऱ्यात उभं राहात नाही ते."

"मग वारा पडेपर्यंत थांब. एल्क काही आज पळून जात नाही."

"तू तुझं बघ ना, लाइल."

पहिल्याच बाराला माझ्या तोंडावर गरम काजळी बसली. पाच बार झाले. त्यातल्या दोन वेळा धुरातूनही मला गोळी दिसली आणि मी खरा आकडा दाखवला. बाकीचे तीन आकडे धुराचे होते, फुगलेले. खरे दोन वेंडेलनं सोडून दिले. "हे दोन धरायचे नाहीत, उन्हानं गोंधळलंय ते," असं म्हणून त्यानं फुगलेल्या तिघांची सरासरी काढली. वेग आला सेकंदाला तीन हजार साठ फूट. नवं पोर झाल्यासारखा तो मैदानभर सांगत सुटला.

जोनेलला ते पटलं नाही. "काडतुसं भरायच्या पुस्तकात तर याहून बराच कमी दिलाय."

"पुस्तकवाल्यांकडे माझ्यासारखा हात कुठाय?"

"चारशे यार्डांवर कागद लावून मारून बघू या?"

"या वाऱ्यात? ताई, यंत्र खोटं बोलतं का कधी?"

त्या वाक्यानं मला काजळीपेक्षा जास्त ओकारी आली. गोळी जितकी हळू, तितकी ती लांबवर खाली उतरते. त्यानं त्या आकड्यावरून लांबच्या नेमाचं गणित मांडलं आणि कुठल्या अंतराला रायफलवरच्या दुर्बिणीची चकती किती फिरवायची, त्याची पट्टी रायफलच्या दस्त्यावर चिकटवली. जोनेलनं भावाचा शब्द मानला.

ऑक्टोबरात दोघं घळींकडे गेली. मी गाडीत सीटखाली पडून होतो. अंधार पडता पडता ती परतली. जोनेलच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"तुझ्या पट्टीप्रमाणे चकती फिरवून खांद्याच्या मागे नेम धरला होता मी," जोनेल म्हणाली. "गोळी खाली बसली. पुढचा पाय मोडला त्याचा. लोंबत होता, वेंडेल. तसाच धावला."

"चाप ओढताना झटका दिला असशील."

"नाही दिला."

"थंडीत होतं असं. हे बघ, परवाना तुझ्या खिशात आहे. उद्या पलीकडच्या घळीत दुसरा बघू. कोण विचारतंय?"

जोनेलनं त्याच्याकडे पाहिलं. बसमध्ये मस्ती करणाऱ्या पोराकडे आरशातून पाहावं तसं. "माझा एल्क मी मारलाय. तो तिकडे कुठेतरी पडलाय, अजून जिवंत असेल. दुसरा कसला बघतोस?" मग तिनं विचारलं, "लाइल बरोबर सांगत होता ना?"

वेंडेलनं गाडी सुरू केली.

आता मी जोनेलच्या घरी आहे. तिनं माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, तरी डोळ्यांच्या कडेला काळं राहिलंच. माझ्या जातीचं कुणी तुमच्या हाती आलं, तर त्याला लांब ठेवा, वारा पडेपर्यंत थांबा, आणि न आवडलेला आकडाही धरा. त्यानंतर लांबवर कागद लावून गोळी खरंच कुठे बसते ते पाहा. आकडा तुम्हाला खूश करण्यासाठी नसतो. पलीकडे कुणीतरी चार पायांवर उभं असतं.

घळींतल्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताच्या मागावर जोनेलला तो नर एका ओढ्यात मेलेला सापडला. कोल्ह्यांनी त्याची मांडी खाल्ली होती, उरलेलं मांस आंबलं होतं, आणि तिनं आपला परवाना त्याच्याच शिंगाला बांधला.