निळी पट्टी आणि ओला टॉवेल

दार उघडायचं आठला, पण साडेसहापासूनच जिना भरलेला असायचा. खाली फर्निचरचं दुकान, वर एक लांबट हॉल. प्रत्येक पायरीवर दोन माणसं, त्यातलं एक आजारी, आणि कुणाच्या ना कुणाच्या काखेत रिपोर्टांची फाइल. हॉलच्या दाराशी एक मुलगी हसून कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल द्यायची आणि सांगायची, "पोटावर ठेवा. शुद्धीकरण होतंय." खिडक्या बंद, पंखे बंद. कुणी पंख्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "लहरी विस्कटतात हो, काका."

मग 'पट्टीवाले डॉक्टर' यायचे. पांढरा कोट, पांढरी दाढी, सोनेरी काड्यांचा चष्मा. हातात जाड स्टीलच्या चौकटीत बसवलेली तळहाताएवढी निळी काच.

पहिल्या दिवशी आमच्यापुढे एक बस कंडक्टर होता, जेमतेम चाळिशीचा. डॉक्टरांनी त्याच्या पोटावरचा टॉवेल काढला, चौकट टेकवली आणि डोळे मिटले. बघता बघता निळी काच हिरवी झाली. मग पिवळी, मग सोन्यासारखी.

"आई गं!" कुणीतरी ओरडलं. "उचलला बघा रोग!"

कंडक्टरची आई तिथेच खाली बसून रडायला लागली.

"यात चमत्कार नाही," डॉक्टर म्हणाले. "हे विज्ञान आहे. मोबाइलच्या आत काय असतं? अशीच पट्टी, केसापेक्षा हजारपट पातळ थराची. ती तुमचे लग्नाचे फोटो लक्षात ठेवते, मग पोटातली एक गाठ लक्षात ठेवणार नाही? ती गाठ वाचते, उचलते, पुसते. नॅनो, क्वांटम, सेव्ह, डिलीट!" शेवटचे चार शब्द ते एका दमात म्हणायचे, कंडक्टरनं पुढचे थांबे सांगावेत तसे. त्यांच्यामागे भिंतीवर चौकटीत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं.

ते कात्रण मला पाठ होतं. ती बातमी आमच्या मॅडमची होती.

मी एकतीस वर्षं एका प्रयोगशाळेत काचा धुतल्या. मॅडम काचेवर पातळ थर चढवायच्या. त्या थरात माहिती साठवून ठेवायची, वीज गेली तरी ती राहिली पाहिजे, असं त्यांचं काम. थर चढण्याआधी काच इतकी स्वच्छ लागायची, की साबण, पाणी, स्पिरिट, पुन्हा पाणी असं करता करता माझ्या बोटांचे ठसे पुसट झाले. प्रत्येक काचेच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकाच्या पेनानं बारीक नंबर कोरायचं कामही माझंच. मला सगळे मावशी म्हणत. चष्मा पुसावा तशी काचेवर 'हाऽऽ' करून पुसायची माझी सवय मोडायला मॅडमना वर्ष लागलं. "मावशी, श्वास आवरा!" हे त्यांचं वाक्य मला अजून ऐकू येतं. पांढऱ्या दिव्यांची ती खोली, पंपाची घरघर, ट्रेमध्ये निळ्या काचांची रांग. माझे चांगले दिवस त्या खोलीत गेले.

मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तेव्हा यांच्या पोटात गाठ निघाली. जठराच्या खालच्या तोंडाशी. हे घड्याळजी होते. बस स्टँडसमोर एका माणसाला बसता येईल एवढं दुकान, डोळ्याला भिंग, समोर चिमटे. उभ्या आयुष्यात कुणा बाबाबुवाच्या पायरीला शिवले नाहीत. कुणी अंगारा दिला की म्हणायचे, "हा घड्याळात घालून बघतो, चाललं तर मी खातो."

हॉस्पिटलमधले सर्जन म्हणाले होते, औषधाच्या चार सलाइन, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार. दोन झाल्या. गाठ थोडी आकसलीही होती. पण यांना पाणीसुद्धा पोटात ठरेना. केस उशीवर राहायचे. बोटं बधिर झाली आणि चिमट्यातून स्क्रू निसटायला लागले. त्या दिवशी यांनी दुकानाचं शटर ओढलं, ते पुन्हा उघडलं नाही.

त्याच आठवड्यात ती बातमी छापून आली. मेमरीसाठी बनवलेला थर पोटाच्या कॅन्सरचं औषध गाठीपर्यंत पोचवायला वापरता येईल का, यावर मॅडम काम करत होत्या. मी धावत जाऊन फोन लावला.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "हे अजून बशीत वाढवलेल्या पेशींवर चाललंय. उंदरापर्यंतसुद्धा गेलेलं नाही. माणसापर्यंत यायला दहा वर्षं, आणि कदाचित येणारही नाही. काकांची औषधं थांबवू नका. ऐकताय ना?"

मी यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तुझ्या मॅडम दहा वर्षं म्हणतात," हे म्हणाले. "शेजारचे सांगत होते, तो पट्टीवाला सात आठवडे म्हणतो. माझ्याकडे यातलं काय आहे, तूच सांग."

तिसऱ्या सलाइनची तारीख आली आणि आम्ही जिन्यावर उभे होतो.

माझं पाप इथे सांगून टाकते. जिन्यावरच्या माणसांना कळलं होतं की मी लॅबमध्ये होते. ती विचारायची, "मावशी, खरं असतं का हो हे?" आणि मी म्हणायची, "अशा पट्ट्या असतात खऱ्या." तेवढंच. खोटं नव्हतं. पण माझं ते अर्धं वाक्य ऐकून किती जण पुढची पायरी चढले, कोण जाणे.

पहिले दोन रविवार यांच्या पोटावर काच सोनेरी झाली. तिसऱ्यापासून यांना आतल्या खोलीत घ्यायला लागले. तिथे गारेगार एसी. कोरड्या टॉवेलनं पोट पुसायचं, वर भरपूर पावडर, अर्धा तास पडून राहायचं. मग डॉक्टर यायचे आणि काच जराशीच हिरवी व्हायची. पाचव्या रविवारी तर निळीची निळीच राहिली.

"पुसत आली गाठ," डॉक्टर म्हणाले. यांनी माझा हात दाबला. त्या दिवशी घरी येऊन यांनी पातळ भात मागून घेतला. अर्ध्या तासात तो उलटून पडला, पण मागितला होता, हे महत्त्वाचं वाटलं मला. वजन तर काट्यावर उतरतच होतं. "विष निघून चाललंय," असं डॉक्टरांनी त्याचं कारण दिलं, आणि आम्ही घेतलं.

सातव्या रविवारी यांना बाहेर सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं. बरा झालेला माणूस म्हणून. शर्टाच्या कॉलरमध्ये मान काडीसारखी. डॉक्टरांनी चौकटीच्या खिट्ट्या उघडल्या, काच बाहेर काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मावशी, सांगा सगळ्यांना. कोरी झाली की नाही?"

काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. चांगला तेलकट, ठसठशीत.

एकतीस वर्षं जिनं काचा धुतल्या, तिला ठसा बघवत नाही. मी विचार वगैरे काही केला नाही. रुमाल काढला, काच तोंडाशी नेली आणि सवयीनं केलं, 'हाऽऽ'.

निळी काच माझ्या हातात हिरवी झाली. मग पिवळी. मग सोनेरी.

मग मागून एक बाई किंचाळली, "अगंबाई, परत आला रोग!"

"खाली ठेवा ती!" डॉक्टर ओरडले. "तुमचा श्वास दूषित आहे!"

'मावशी, श्वास आवरा!' माझ्या कानात मॅडमचा आवाज घुमला. काच वाळली, पुन्हा निळी झाली. मी ती उलटी केली. पाठीवर कोपऱ्यात काहीतरी कोरलेलं होतं, पण माझ्या डोळ्यांना आता तेवढं बारीक कुठलं दिसायला!

"अहो," मी यांच्यापुढे काच धरली. "एवढं वाचा."

"काय चालवलंयस तू? सगळ्यांसमोर?" हे म्हणाले. "ठेव ती खाली. ठेव म्हणतो ना."

"एकदाच वाचा. मग मी गप्प बसते."

यांच्या वरच्या खिशात भिंग असायचंच. दुकान बंद झालं तरी ते खिशातून गेलं नव्हतं. यांनी ते डोळ्याला लावलं, काच उजेडाकडे तिरपी धरली. किती वेळ बघत होते! मग भिंग न काढताच हळू म्हणाले, "चारशे सत्त्याहत्तर." आणि जरा थांबून, "दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ आहे. वाणसामानाच्या चिठ्ठीवर काढतेस तशी. तुझाच सात आहे हा."

मग मला सगळं आठवलं. लॅबमधलं हवा कोरडी ठेवणारं यंत्र एका वर्षी बिघडलं आणि तीन महिन्यांच्या काचा वाया गेल्या. थर घट्ट बसलाच नाही, स्पंजासारखा भोकाभोकांचा राहिला. हवेतला ओलावा शोषला की रंग बदलायचा, आणि त्यात साठवलेली माहिती दोन दिवस टिकायची नाही. यंत्र दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकला मॅडमनी मुद्दाम एका काचेवर श्वास सोडून दाखवला होता, "बघा, म्हणून आम्हाला कोरडी हवा लागते." तो जाताना मला म्हणाला होता, "वहिनी, टाकूनच देणार ना? पोरांना खेळायला नेतो." मी त्याला चहा पाजला आणि अख्खा खोका दिला.

मी डॉक्टरांच्या दाढीकडे बघितलं. दाढीच्या वर तेच डोळे होते.

"चहा आणा कुणीतरी," मी म्हणाले. "गरम."

दाराशी कुणाच्या तरी हातात कागदी कप होता. मी काच वाफेवर धरली. हिरवी, पिवळी, सोनेरी.

"घ्या," मागून एक म्हातारा म्हणाला. "चहालाही कॅन्सर झाला."

दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. तिथे हसायला कोण आलं होतं?

मी बोलत गेले. या काचेला रंग फासलेला नाही. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे हे रंग, पातळ थरावर उजेड खेळल्यामुळे दिसणारे. थरात ओलावा शिरला की रंग सरकतो, वाळला की मागे येतो. नव्या माणसाला बंद हॉलमध्ये घामानं भिजवायचं, पोटावर ओला टॉवेल ठेवायचा, चौकटीनं काच बोटभर वर उचललेली, म्हणजे मधे वाफ कोंडणार. झाला रोग 'दिसायला'. जुन्या माणसाला एसीत वाळवायचं, वर पावडर फासायची. झाला रोग 'पुसायला'. गाठीचा आणि काचेचा काडीचा संबंध नाही.

मी दारातल्या त्या हसऱ्या मुलीला जवळ बोलावलं. ठणठणीत पोरगी. तिच्या पोटावर एक मिनिट ओला टॉवेल ठेवून चौकट टेकवली. काच सोनेरी झाली. ती मुलगी पांढरीफटक पडली. तिलाही ठाऊक नव्हतं.

"आणखी एखादाच महिना चाललं असतं, वहिनी," मेकॅनिक माझ्या कानाशी पुटपुटला. "मी पोटात काही दिलं नाही कुणाला. नुसती आशा दिली. आणि खोका तर तुम्हीच दिला होतात."

तो आतल्या खोलीतून मागच्या जिन्यानं गेला. पोलिसांना तो पुढे दुसऱ्या गावात सापडला, दुसऱ्या दाढीत.

हॉलमधल्या सगळ्यांनी माझं ऐकलं, असं समजू नका. एक जण अंगावर धावून आला. कंडक्टरच्या आईनं माझा दंड धरून विचारलं, "आमच्यासाठी एवढं तरी राहू द्यायचं होतं हो. आता कुठे जाऊ याला घेऊन?"

"हॉस्पिटलमध्ये," यांनी खुर्चीतून उत्तर दिलं. "आजच जा. आणखी एक दिवसही वाया घालवू नका."

घरी जाताना रिक्षात हे एकच वाक्य बोलले. "मला खरंच बरं वाटत होतं गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्जनसमोर बसलो. त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले.

"मधले सात आठवडे कुठे होता?" त्यांनी विचारलं.

ऑपरेशन झालं, म्हणजे पोट उघडलं आणि परत शिवलं. गाठ जठराबाहेर पसरली होती. आधी दोन सलाइनमध्ये आकसलेली गाठ. पूर्ण उपचार घेतले असते तर हे वाचलेच असते, असं सर्जन म्हणाले नाहीत. "संधी होती," एवढंच म्हणाले. मला त्या एका शब्दानं अजून झोपू दिलेलं नाही.

कंडक्टरनं सगळ्या सलाइन घेतल्या, निम्मं जठर काढून टाकलं. अकरा वर्षं झाली. थोडं थोडं, सहा वेळा जेवतो. वर्षातून एकदा येऊन जातो आणि यांच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो. मॅडमचं काम अजून चालू आहे. आत्ता कुठे उंदरांपर्यंत पोचलंय. विचारलं की अजूनही म्हणतात, "माहीत नाही, मावशी. बघतोय." पूर्वी मला या उत्तराचा राग यायचा. आता वाटतं, जो 'माहीत नाही' म्हणू शकतो, त्याच्याच हातात पोट द्यावं.

चारशे सत्त्याहत्तर नंबरची काच माझ्याकडेच राहिली. शेवटच्या दिवसांत यांनी ती मागितली. हातात धरायचं बळ नव्हतं, मी तोंडाशी धरली. यांनी श्वास सोडला. काच हिरवी झाली, पिवळ्यापर्यंत काही पोचली नाही.

"एवढंच कळतं बघ हिला," हे म्हणाले. "की अजून श्वास आहे."

म्हणून सांगते. उद्या तुमच्यापुढे कुणी पट्टी धरेल, पाणी धरेल, अंगठी धरेल, आणि शब्द विज्ञानाचे वापरेल. तुम्ही घाबरलेले असाल, थकलेले असाल, त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त एक विचारा: हेच निरोगी माणसाच्या पोटावर ठेवलं तर काय होतं? आमच्या जिन्यावर सात आठवड्यांत शेकडो माणसं चढली. तेवढा एक प्रश्न कुणीही विचारला नाही. आयुष्यभर घड्याळं उघडून बघणाऱ्या माणसानं नाही, आणि एकतीस वर्षं काचा धुणाऱ्या मीही नाही.

तुम्ही विचारा. आणि तो प्रश्न विचारत असताना औषधाची तारीख चुकवू नका.