पिल्लू जेवलं का?

"पिल्लू जेवलं का गं?" धाकटीनं फोनवर विचारलं, आणि वाफमावशीनं धडधडीत थाप मारली, "जेवलं की. मगाशीच."

पिल्लू मरून तेव्हा पाच दिवस झाले होते.

पिल्लू म्हणजे पाव फुगवायचं घरचं आंबवण. काचेच्या बरणीत बुडबुडे सोडत बसलेलं, आंबूस वासाचं पातळसर पीठ. ते जन्माला घातलं मावशीच्या धाकट्या बहिणीनं. नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा बरणी थोरलीच्या हातात देऊन तिनं बजावलं होतं, रोज थोडं काढून टाकायचं, उरलेल्याला ताजं पीठ-पाणी घालायचं, एक दिवसही खाडा नको. मावशीला खरं तर तो पाव सोसायचा नाही, दोन घासांत छातीत जळजळ. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला फोन वाजायला लागला. मग काय, बाईनं ते तान्ह्या बाळासारखं जपलं.

मावशी कामाला होती त्या इस्पितळातली आया तिला म्हणायची, कशाला एवढा आटापिटा, कोपऱ्यावरच्या बेकरीत ताजा पाव मिळतो.

"मिळतो ना," मावशी म्हणायची. "पण बेकरीवाला मला सातला फोन करतो का?"

आता गंमत बघा. मावशीचं काम इस्पितळाच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत. कात्र्या, चिमटे, तबकं वाफेत घालायची आणि जंतूंचा नायनाट करायचा. अठ्ठावीस वर्षं हेच, म्हणून तर वाफमावशी. अशा बाईला जंतू जगवायला देणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं! एके दिवशी बरणीच्या काठाला वाळलेलं पीठ दिसलं आणि तिच्या हातांनी सवयीनं आपलं काम केलं. पिल्लू वाटीत काढलं, बरणी वीस मिनिटं खळाखळा उकळली, आणि चटका बसेल अशा त्या बरणीत पिल्लू परत ओतलं.

त्यानंतर एक बुडबुडा आला नाही. तरी ती रोज पीठ घालत राहिली आणि सातला खोटं बोलत राहिली.

सहाव्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, फोटो पाठव ना. किती फुगलंय बघू दे."

मावशीनं सांगून टाकलं, "गेलं गं ते. मीच मारलं. बरणी उकळली."

पलीकडून खळखळून हसू. "उकळलीस? धन्य आहेस, ताई."

"रागावली नाहीस?"

"छे गं. उलट सुटलीस तू. रोजची कटकट गेली एकदाची."

प्रेमानंच म्हणाली ती.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. मग सव्वासात. मावशीनं फोनचा आवाज बंद तर नाही ना, ते दोनदा पाहिलं. मग उठून बरणी धुतली. उकळत्या पाण्याकडे गेलेला हात मागे घेतला आणि साध्या पाण्यानंच विसळली. दोन चमचे पीठ, दोन चमचे पाणी. नवीन पिल्लू धरायला आठवडा तरी लागणार होता. झाकण सैल ठेवून तिनं बरणी फोनशेजारी मांडली.

आठ वाजता तिनं आपलं ताट वाढून घेतलं. पहिला घास उचलला आणि कुणी न विचारताच म्हणाली, "जेवते गं."