दिवसाची झोप

"हळू ठेव रे बाबा, आवाज करू नकोस!"

गॅसवाल्याने खांद्यावरचं सिलिंडर अलगद खाली टेकवलं. "घरात कोणी आजारी आहे का, आजी?"

"छे! सून झोपलीय."

"भर सकाळी? मजा आहे बुवा!"

"मजा कसली? रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसते ती. टेकडीवर."

टेकडीवर मोठी दुर्बीण होती, आणि सून तिथली शास्त्रज्ञ. मुलगा गेला तेव्हा नातेवाईक सासूबाईंना म्हणाले होते, सून आज ना उद्या आपला संसार मांडेल, तुम्ही आपली सोय बघा. पण सुनेला टेकडीच्या पायथ्याशी नोकरीचं घर मिळालं, तेव्हा तिने आधी सासूबाईंची खाट आत नेली, मग स्वतःची. तेव्हापासून सून रात्री आकाश राखायची आणि सासूबाई दिवसा तिची झोप.

सुनेचं काम त्यांनी एकदा नीट समजून घेतलं होतं. फार लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे. ते भोवतालचं गिळतं आणि त्याच्याजवळून एक झोत उसळतो, नेमका आपल्या दिशेने. त्यातले गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. वरच्या हवेवर आदळतात आणि एक निळी ठिणगी पडते, डोळ्याला दिसणारही नाही अशी. ती पकडायला दुर्बिणीला शेकडो आरसे.

"म्हणजे दार वाजवून पळणाऱ्या कार्ट्यांसारखं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "कडी वाजली, दार उघडावं तर कोणी नाही."

"अगदी तसंच, आई," सून खूप हसली होती. "आणि मी दाराआड टपून बसलेली."

ती दीर्घिका बरीच वर्षं गप्प होती. आज पहाटे मात्र सून उजळलेल्या चेहऱ्याने घरात आली. "आई, ती भडकली! इतकी तेजस्वी आम्ही कधी पाहिलीच नव्हती. आज रात्रीही आभाळ स्वच्छ आहे. उद्यापासून ढग म्हणतात. मला आता झोपू द्या हं."

"तू झोप. मी आहे ना."

गॅसवाला गेला. सासूबाई स्वयंपाकघरात वळल्या आणि सांडलेल्या पाण्यावरून त्यांचा पाय सटकला. त्या कुशीवर पडल्या. मांडीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडातून हाक निघणारच होती. पलीकडे, भिंतीआड, सून झोपली होती. त्यांनी हात लांबवून ओट्यावरून लोंबणारा टॉवेल ओढला आणि त्याचं टोक दातांत धरलं. ओट्याखाली कधीपासून हरवलेला मोठा चमचा दिसला. तो बघत, कण्हणं गिळत त्या पडून राहिल्या.

दुपार कलल्यावर सून चहा करायला आली.

"आई! अहो, कधी पडलात?"

"मगाशी."

"हाक का नाही मारलीत?"

"तुला रात्री जायचंय ना."

सुनेचा चेहरा रागाने लाल झाला. "असं कोणी करतं का? काही झालं असतं म्हणजे?" बोलता बोलता ती तिथेच फरशीवर बसली आणि सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करू. संध्याकाळ होत आली तशी सासूबाईंची चुळबुळ वाढली.

"तू जा आता. इथे नर्स आहेत."

"नाही."

"अगं, एवढी वर्षं वाट बघितलीस! उद्या ढग आले तर?"

सुनेने टेकडीवरच्या एका सहकाऱ्याला फोन लावला. "आजची रात्र तुम्ही सांभाळा. मी नाही येत." पलीकडून तो काहीतरी समजावत राहिला. "सगळं कळतंय मला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"माझ्यापायी हुकलं गं तुझं," सासूबाई म्हणाल्या.

"दुर्बिणीपाशी दहा माणसं आहेत, आई. तुमच्यापाशी कोण आहे?"

त्या रात्री दीर्घिका आणखी तेजाळली, आणि नंतर ढग आले. ते हटले तोवर ती पुन्हा गप्प झाली होती. शोध सगळ्यांच्या नावावर लागला, त्यात सुनेचंही नाव होतं. पण ती रात्र तिने पाहिली नाही ती नाहीच. सासूबाईंनी विषय काढला की ती म्हणायची, "आधी हा पाय उचला बघू."

वॉकर घेऊन चालता येऊ लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला एकदा तुझं ते दाखव तरी."

सून त्यांना जीपने वर घेऊन गेली. ऊन उतरलं होतं. दुर्बीण सूर्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती. सासूबाई वॉकर टेकत टेकत तिच्यापुढे गेल्या आणि थबकल्या. शेकडो आरशांत कुठे नुसता खांदा, कुठे अर्धं कपाळ, कुठे पूर्ण चेहरा. जिकडे बघावं तिकडे त्या दोघीच.

सासूबाईंनी विस्कटलेले केस कानामागे सारले. आरशांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी सारले.

"बघ गं," त्या हळूच म्हणाल्या, "केवढं मोठं कुटुंब आहे आपलं."

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.